वीज गेली नाही, तरी संगणक रीस्टार्ट होतो: सेलूजवळच्या एका घरातील प्रकरण

तक्रार

परभणी जिल्ह्यातील सेलू शहराबाहेर, जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या शेतवस्तीवरील एका घरातला हा संगणक आहे. घर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या शिक्षकांचे. त्यांची सून मोंढ्यातील काही आडत दुकानांचे हिशेब घरी बसून टॅलीवर लिहिते आणि महिन्याकाठी त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरते. त्यामुळे या घरात संगणक ही चैनीची नव्हे, पोटापाण्याची वस्तू आहे. दिवाळीनंतर तो काम चालू असतानाच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. पडद्यावर कोणतीही सूचना येत नसे, निळा पडदाही दिसत नसे. चित्र एकदम नाहीसे होई आणि दोन-तीन सेकंदांत मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह उमटे. दरवेळी नुकसान झाले असे नाही, पण दोनदा टॅलीचा डेटा रीराइट करावा लागला आणि एकदा अर्ध्या दिवसाच्या पट्ट्या (आडतीच्या व्यवहारांचे हिशेब) नव्याने चढवाव्या लागल्या.

प्रकरण माझ्याकडे येण्यापूर्वी एका दुकानात त्यावर नेहमीचे उपचार होऊन गेले होते. आधी विंडोज फॉरमॅट मारून झाली, मग रॅम बदलून झाली, आणि शेवटी ‘मदरबोर्ड गेला आहे, जुन्या सेटला पैसे लावू नका’ असा निर्वाळा मिळाला. हे होत असताना संगणक दुकानातल्या टेबलावर सलग दोन दिवस एकदाही न अडखळता चालला होता, ही गोष्ट मात्र कुणी मनावर घेतली नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला पहिला पुरावा तोच होता. तोच मदरबोर्ड, तीच रॅम आणि तीच विंडोज एका जागी चालतात आणि दुसऱ्या जागी चालत नाहीत, तर दोष आधी जागेत शोधायला हवा.

सरांचा विजेवर संशय नव्हता, आणि त्याला कारण होते. सुनेने त्यांना पहिल्यापासून एकच सांगितले होते: “मामा, लाइट गेलीच नव्हती. पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता, फक्त कॉम्प्युटरच मेला.” शिवाय घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे लाइट गेली तरी फरक पडू नये, अशी सर्वांची समजूत होती. पंखा आणि टीव्ही चालू होते हे खरेच होते. त्यावरून वीज ठीक होती असा निष्कर्ष काढला गेला, तेथे गफलत झाली. ती पुढे सविस्तर येईल.

यंत्राची माहिती थोडक्यात अशी. असेंबल केलेला, २०१४ च्या सुमाराचा संच. इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस, म्हणजे मेन विजेवरून संगणकाला लागणारी वीज तयार करणारा डबा, कॅबिनेटबरोबरच आलेला, वजनाला हलका, मागे ११५ आणि २३० व्होल्टची लाल सरकपट्टी असलेला आणि वर ‘४५० वॅट’ असे लेबल मिरवणारा. संगणकाचा स्वतंत्र यूपीएस बॅटरी संपल्यावर काढून ठेवला होता आणि इन्व्हर्टर असल्यामुळे नवा घेतला नव्हता. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा, ट्यूब्युलर बॅटरीवर चालणारा.

विंडोजच्या नोंदी

आपोआप रीस्टार्ट होणारा संगणक समोर आला की तो कशामुळे रीस्टार्ट झाला यापेक्षा कोणत्या रीतीने झाला हे आधी ठरवावे लागते, कारण निरनिराळ्या रीतींची मुळे निरनिराळ्या ठिकाणी असतात. विंडोजला स्वतःलाच गंभीर चूक सापडली तर ती निळा पडदा दाखवून, मेमरीचा ठसा डिस्कवर लिहून मग रीस्टार्ट होते. मूळ सेटिंगमध्ये आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय चालू असल्याने तो पडदा कधी कधी दिसण्याआधीच निघून जातो. म्हणून सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण आधी काढली. त्यानंतरही संगणक थेट रीस्टार्टच झाला, पडदा थांबून राहिला नाही. विंडोज फोल्डरातील ‘मिनिडंप’ या उपफोल्डरातही काही साठले नव्हते.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. सिस्टिम लॉगमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाने ४१ क्रमांकाच्या नोंदी ओळीने होत्या. ४१ ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस खराब असल्याचे तेथल्या तेथे जाहीर करतात, पण ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झालेला नव्हता. खरी माहिती तिच्या तपशिलात असते. तपशिलात ‘बगचेक कोड’ हा आकडा शून्य नसेल, तर विंडोजने चूक पकडली होती आणि तो आकडा त्या चुकीचा क्रमांक असतो. तो दशमान पद्धतीत लिहिलेला असल्याने षोडशमानात बदलून शोधावा लागतो. उदाहरणार्थ, तेथे २७८ दिसले तर ते ग्राफिक्सशी संबंधित ११६ क्रमांकाचे प्रकरण असते. येथे सर्व नोंदींत तो आकडा शून्य होता. ‘पॉवर बटन टाइमस्टॅम्प’ही शून्य होता, म्हणजे कुणी बटण दाबून धरलेले नव्हते. विंडोजला काही कळण्याआधीच तिच्या पायाखालची वीज निघून गेली होती, आणि अशा दोषावर फॉरमॅट मारण्याचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता.

दुसरा उपयुक्त क्रमांक ६००८. चार पैसे जास्त मिळवून देणारी नोंद कोणती, असे मला विचाराल तर मी हिचे नाव घेईन. ४१ ची वेळ ही संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते. ६००८ च्या मजकुरात मात्र मागचे अनपेक्षित बंद होणे किती वाजता घडले ते लिहिलेले असते. त्यात थोडा मागेपुढेपणा असतो, पण संगणक रात्री बंद पडून सकाळी कुणी सुरू केला असेल तर दोन्ही वेळांतला फरक स्पष्ट दिसतो. १०७४ क्रमांकाची नोंद याच्या उलट आहे: एखाद्या व्यक्तीने किंवा प्रोग्रॅमने सांगून केलेला रीस्टार्ट. सुनेने वहीत टिपून ठेवलेल्या वेळा या नोंदींशी पडताळल्या तेव्हा त्यांतील काही वेळा १०७४ च्या निघाल्या. विंडोज अपडेटने दुपारच्या जेवणाच्या वेळेत रीस्टार्ट केलेला होता. त्या वेळा यादीतून काढल्या आणि ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ तिच्या कामाच्या वेळेप्रमाणे बदलून दिले. दोन वेगळे आजार एकाच वहीत लिहिले गेले की कोणताच नीट दिसत नाही.

उरलेल्या वेळा एका कागदावर तारखेवार मांडल्या. रात्री पावणेदहाच्या आसपास एक पुंजका होता, सकाळी साडेनऊच्या आसपास दुसरा. हे दोन पुंजके एकाच आठवड्यात येत नव्हते. एका आठवड्यात सगळे रीस्टार्ट रात्रीचे, पुढच्या आठवड्यात सगळे सकाळचे, त्यानंतर पुन्हा रात्रीचे. हा कागद सरांच्या पुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एकदाच पाहिले आणि म्हणाले, “ही तर आपली थ्री फेजची पाळी आहे.”

ज्यांना शेतीचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कृषी पंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि ती आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री असते. बाकीच्या वेळेत वस्तीवरच्या दिव्यांपुरता सिंगल फेज पुरवठा चालू राहतो. या घराची वीज गावठाणाच्या फीडरवरून नव्हे, तर ज्या डीपीवर (रोहित्रावर) आसपासच्या विहिरींच्या मोटारी आहेत त्याच डीपीवरून येते. दिवाळीनंतर हरभरा आणि गव्हाला पाणी सुरू होते, निम्न दुधना प्रकल्पाच्या या पट्ट्यात विहिरींना पाणीही असते, आणि तक्रारही दिवाळीनंतरचीच होती. संगणक पावसाळाभर चांगला का चालला, याचे उत्तर येथे मिळाले.

उष्णतेचा मुद्दा

मराठवाड्यात संगणक बंद पडला की पहिला आरोप उन्हावर आणि धुळीवर होतो, आणि मे महिन्यात पुष्कळदा तो खराही ठरतो. हे प्रकरण नोव्हेंबर ते जानेवारीचे असले तरी कॅबिनेट उघडून पाहिले. पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू आणि काळी माती यांचा नमदा बसला होता. तो साफ केला, हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. काम चालू असताना तापमान साठीच्या घरात राहिले, त्यात चिंतेचे काही नाही. शिवाय लक्षणही जुळत नव्हते. प्रोसेसर फार तापला तर आधी तो आपला वेग कमी करतो, संगणक रेंगाळतो, आणि मर्यादा ओलांडली तर साधारणपणे पूर्ण बंद होऊन बंदच राहतो. दोन सेकंदांत ताजातवाना होऊन उठत नाही. साफसफाई झाल्यावरही रीस्टार्ट थांबले नाहीत, हे नोंदवून तो विषय संपवला.

थ्री फेज येते त्या क्षणी

त्या आठवड्यात थ्री फेज रात्री येणार होती. संगणक ज्या बोर्डावर होता त्याच बोर्डावर व्होल्टेज दाखवणारा लहान मीटर लावून, सुनेला नेहमीचे काम करायला सांगून आम्ही बसलो. साडेनऊला २२६ व्होल्ट होते. पावणेदहाच्या सुमारास शेजारच्या शेतातून स्टार्टर ओढल्याचा खट्ट आवाज आला, त्याच्यापाठोपाठ दूरवरून आणखी दोन-तीन, मीटरवरचा आकडा क्षणभर १६८ दाखवून १८० च्या आसपास रेंगाळला, आणि संगणकाचा पडदा काळा झाला. पंखा मंदावला, पण थांबला नाही. एलईडी दिवे जराही हलले नाहीत. ओसरीतली चोकची जुनी ट्यूब मात्र दोनदा फडफडून विझली आणि पुन्हा लागली. सरांच्या पत्नी म्हणाल्या, ती तर रोजच अशी करते. त्या ट्यूबकडे कुणी पुरावा म्हणून पाहिले नव्हते, एवढेच.

शेतकऱ्यांनी मोटारींना ऑटोस्विच बसवलेले असतात, म्हणजे रात्री-अपरात्री वीज आली तरी विहिरीवर न जाता मोटार आपोआप सुरू व्हावी. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे. रात्री विंचू-काट्यातून बांधावर जाण्याची हौस कुणाला नसते. पण त्याचा परिणाम असा होतो की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. मोटार सुरू होताना तिच्या चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि अशा अनेक मोटारी एकत्र उठल्या की तेवढ्या वेळेपुरते व्होल्टेज खाली बसते. भारतात घरगुती पुरवठ्याचे प्रमाण २३० व्होल्ट मानले जाते. त्या क्षणी येथे त्याच्या तीन चतुर्थांशाहून कमी उरत होते. एलईडी दिव्यांचे आणि नव्या टीव्हीचे सर्किट शंभर व्होल्टपर्यंतही काम करते, म्हणून त्यांना काही कळले नाही. ‘पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता’ या साक्षीचा अर्थ एवढाच की वीज गेलेली नव्हती. ती पुरेशी होती असे नव्हे.

मग इन्व्हर्टर काय करत होता? घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक कंपन्या एक लहान स्विच देतात. एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’, ‘इको’ किंवा तसेच काही लिहिलेले असते. यूपीएस बाजूला इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज घेत नाही आणि बॅटरीवर झटकन जातो. दुसऱ्या बाजूला तो शंभर व्होल्टपर्यंतची खराब वीजही जशीच्या तशी घरात सोडतो, आणि बॅटरीवर जाताना जास्त वेळ घेतो. काही यंत्रांत तो चाळीस मिलिसेकंदांपर्यंत जातो. येथे तो स्विच ‘नॉर्मल’वर होता. बसवणाऱ्या कारागिरानेच तो तसा ठेवला असावा, कारण त्या बाजूला बॅटरी कमी वापरली जाते आणि ‘बॅकअप लवकर संपतो’ अशी तक्रार घेऊन ग्राहक परत येत नाही. म्हणजे १६८ व्होल्टला इन्व्हर्टरने हस्तक्षेप करायचे कारणच नव्हते. तो चालू होता, पण मध्ये पडत नव्हता.

स्विच ‘यूपीएस’वर केला आणि दुपारी, व्होल्टेज २२८ असताना, इन्व्हर्टरचा मेन बंद करून पाहिला. संगणक चालू राहिला. पुन्हा पुन्हा केले, तरी चालू राहिला. येथे पुष्कळ जण सामान आवरून निघाले असते. पण ही चाचणी खोट्या परिस्थितीत झाली होती, हे त्याच रात्री दिसले: थ्री फेज आली, इन्व्हर्टरची रिले, म्हणजे मेनवरून बॅटरीवर बदल करणारा स्विच, वाजली, आणि संगणक रीस्टार्ट झाला. रीस्टार्टचे प्रमाण पूर्वीपेक्षा निश्चित कमी झाले, काही रात्री एकही झाला नाही, पण ते थांबले नाहीत. भरल्या व्होल्टेजला रिलेचा तोच बदल सहन करणारा एसएमपीएस पडलेल्या व्होल्टेजला का गडगडतो, हा प्रश्न आता उरला.

एसएमपीएसच्या पोटातील हिशेब

एसएमपीएस येणारी एसी वीज आधी डीसी करून दोन मोठ्या कपॅसिटरांत भरतो आणि तेथून पुढे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. मेन वीज एका सेकंदात पन्नास आवर्तने घेते, म्हणजे हे कपॅसिटर दर दहा मिलिसेकंदांनी एकदा भरतात. मधल्या काळात संगणक त्यांच्या साठ्यावर चालतो. रांजणातले पाणी नळ पुन्हा येईपर्यंत पुरवायचे, तसा हा प्रकार आहे. एटीएक्स मानकाप्रमाणे वीज तुटल्यावरही साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद हा साठा पुरला पाहिजे. तो संपत आला की एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला ‘पॉवर ओके’ हा संकेत काढून घेतो, आणि तो गेला की मदरबोर्ड प्रोसेसरला त्याच क्षणी रीसेट करतो. स्टँडबायची पाच व्होल्टची वीज तोवर तग धरून असते, म्हणून संगणक पूर्ण विझून पडत नाही. व्होल्टेज सावरले की लगेच उठतो. ‘मेला आणि लगेच जिवंत झाला’ या लक्षणाची उकल अशी आहे.

आता आकडे. एसएमपीएस बदलल्यानंतर जुना उघडून त्यातले कपॅसिटर काढून मोजले. हे काम घरी कुणीही करू नये; त्या कपॅसिटरांवर मिळून तीनशे व्होल्टहून अधिक डीसी साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ राहते. दोन्हींवर ३३० मायक्रोफॅरड छापलेले होते. मोजणीत दोनशेच्या आसपास भरले. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेले असल्याने प्रत्यक्ष उपयोगाचा साठा निम्मा, म्हणजे नवा असताना १६५ आणि आता १००. संगणक कामात असताना मेनमधून शंभर वॅट घेत होता. कपॅसिटरांवरचे व्होल्टेज २२० पर्यंत उतरले की एसएमपीएस हात टेकतो असे धरले, तर हिशेब असा येतो: २३० व्होल्टच्या विजेवर कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरतात, आणि तेथून नवा एसएमपीएस सुमारे ४७ मिलिसेकंद, तर हा जुना सुमारे २८ मिलिसेकंद तग धरेल. १८० व्होल्टच्या विजेवर ते २५५ पर्यंतच भरतात, आणि साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने नव्याकडे १३ मिलिसेकंद उरतात, जुन्याकडे फक्त आठ.

सगळे प्रकरण या चार आकड्यांत मावते. भरल्या व्होल्टेजला इन्व्हर्टरच्या दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या बदलासाठी २८ पुरेसे होते, म्हणून दुपारची चाचणी उत्तीर्ण झाली. रात्री मोटारींनी व्होल्टेज १८० च्या खाली ओढल्यावरच इन्व्हर्टर बॅटरीकडे वळत होता, आणि तेव्हा साठा आठ मिलिसेकंदांचाच होता. काही रात्री रीस्टार्ट का झाला नाही, तेही कळते: संगणक नुसता उघडा ठेवून सून स्वयंपाकघरात असेल तर त्याचा वापर निम्म्यावर येतो आणि तोच साठा दुप्पट वेळ पुरतो. दुकानातल्या टेबलावर बाजारपेठेची स्थिर वीज होती. तेथे दोष दिसणे शक्यच नव्हते, आणि तो न दिसल्याचा ठपका मदरबोर्डवर आला.

मल्टीमीटर लावून हा दोष सापडला असता का? नाही. जुन्या एसएमपीएसची १२ व्होल्टची रेष मीटरवर ११.९ दाखवत होती, मानकाची मर्यादा ११.४ ते १२.६ आहे, म्हणजे कागदोपत्री तो निर्दोष. साधा मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो. आठ मिलिसेकंदांची घटना त्याच्या नजरेतून निसटते. क्षणाक्षणाचे व्होल्टेज रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप नसेल तर एसएमपीएस बदलून पाहणे हीच चाचणी, आणि ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुकानात फॉरमॅट आणि रॅम एका पाठोपाठ झाल्याने, सुदैवाने रीस्टार्ट थांबलेही असते तरी कशामुळे थांबले ते कुणालाच कळले नसते.

काय बदलले

नवा एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला घेतला. ४५० वॅटचा, कार्यक्षमतेच्या ब्राँझ दर्जाचा, तीन हजारांच्या आत बसला. केवळ वॅट पाहून आणखी एक हलका घेतला असता तर काही वर्षांनी हीच वेळ आली असती. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटरवरचे व्होल्टेज येणाऱ्या विजेवर अवलंबून राहत नाही. शंभरापासून २४० व्होल्टपर्यंत काहीही आले तरी सर्किट ते उचलून चारशेच्या जवळपास स्थिर ठेवते. म्हणजे मोटारी उठल्या तरी साठा कमी होत नाही. याला एक अट आहे: इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असे काही एसएमपीएस कुरकुर करतात किंवा बंद पडतात. या घरात ती अडचण नव्हती.

मधल्या काळात कुणीतरी स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला दिला होता. रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेज बदलताना स्वतःच क्षणभर वीज तोडतो, आणि सर्व्होचा स्टॅबिलायझर मोटारी उठण्याच्या वेगाने फिरत नाही. दोन्हींचा येथे उपयोग झाला नसता. तो खर्च टाळला.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी सुनेची वेगळी तक्रार होती, आणि तीही याच दोषाची खूण असेल असा तिचा अंदाज होता. बोर्डावर फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट मिळाले, फेज आणि अर्थमध्ये मात्र नव्वदच्या आसपास डोलणारा आकडा. अर्थ जोडलेलाच नव्हता. घरामागच्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली होती, आणि काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा भेगांनी कोळसा-मिठाचा थरही इलेक्ट्रोडपासून सुटला होता. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर थोडा प्रवाह कॅबिनेटकडे सोडतात. अर्थ नसला की तो माणसाच्या बोटातून वाट काढतो. वायरमन बोलावून अर्थिंग नव्याने करून घेतले, झिणझिण्या थांबल्या. रीस्टार्टशी याचा संबंध नव्हता, हे येथे मुद्दाम लिहितो, कारण दुरुस्तीनंतर सरांनी गावात सगळे श्रेय अर्थिंगलाच दिले होते. अर्थिंग झाल्यानंतरच्या आठवड्यातही ६००८ च्या नोंदी तशाच पडत होत्या. त्या थांबल्या एसएमपीएस बदलल्यानंतर. तरी अर्थिंगचे काम अधिक निकडीचे होते, असे मी म्हणेन. रीस्टार्टने पट्ट्या जातात. तुटलेल्या अर्थने माणूस जाऊ शकतो.

उरलेला रब्बी हंगाम थ्री फेजच्या दोन्ही पाळ्यांसह पार पडला. लॉगमध्ये ४१ ची एकच नवी नोंद मिळाली, आणि तिच्यात पॉवर बटन टाइमस्टॅम्प शून्य नव्हता: सुट्टीत आलेल्या नातवाने बटण दाबून धरले होते. मदरबोर्ड जुनाच आहे, रॅमही. सुनेने टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेण्याची सवय लावून घेतली, ती तिने पुढेही चालू ठेवली.

व्होल्टेजबद्दल वीज कंपनीकडे लेखी अर्ज दिला आहे आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी सरांनी स्वतः बोलणे केले. दोघांनी ऑटोस्विचला वेळ लांबवणारा टायमर बसवला, त्यामुळे सगळ्या मोटारी आता एका क्षणी उठत नाहीत आणि ओसरीतली ट्यूब एकदाच फडफडते. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवरच ठेवायचा आहे. त्या बाजूला इन्व्हर्टर पूर्वीपेक्षा अधिक वेळा बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरीचे पाणी लवकर उतरते. दर महिन्याला तरंगत्या खुणा पाहून डिस्टिल्ड वॉटर भरायचे, बोअरचे पाणी घालायचे नाही, असे सरांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.